कुवेतच्या शाळा आणि मूल्यमापनाची वाटचाल

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत कुवेतमध्ये मुलांचे शिक्षण प्रामुख्याने कुत्ताब नावाच्या पाठशाळांत होई. मुल्ला आपल्या घरी मुलांना चटईवर बसवून कुराण शिकवी. मुलींना शिकवणाऱ्या स्त्रियाही असत. तिथे इयत्ता नव्हत्या, वार्षिक परीक्षाही नव्हती. सुरुवात कुराणाच्या शेवटी येणाऱ्या छोट्या अध्यायांपासून होई. मूल मुल्लासमोर बसून पाठ म्हणून दाखवी. अडखळले की तोच पाठ पुन्हा, बिनचूक आला की पुढचा. त्यामुळे एकाच चटईवर कोणी अक्षरे गिरवत असे, तर कोणी निम्मे कुराण संपवलेले असे. कुराण पूर्ण झाले की त्या मुलाची गल्लोगल्ली मिरवणूक निघे. पडताळणी रोजची होती आणि पुढचा पाठ तिच्यावरच ठरत असे. उणीव एवढीच, की पाठांतर तपासले जाई, अर्थ कळला का हे क्वचितच.

मोत्यांचा व्यापार आणि बसरा, मुंबई, पूर्व आफ्रिकेपर्यंत जाणारी गलबते यांना हिशेब ठेवणारी, पत्रे लिहिणारी माणसे हवी होती. म्हणून व्यापाऱ्यांच्या देणग्यांतून 1911 मध्ये मुबारकिया शाळा निघाली आणि 1921 मध्ये अहमदिया. 1936 मध्ये शिक्षण परिषद स्थापन झाली, पॅलेस्टिनी शिक्षक आले आणि इयत्तावार अभ्यासक्रम रुजला. पुढच्याच वर्षी मुलींची शाळा सुरू झाली. 1946 पासून तेलाची निर्यात होऊ लागल्यावर शाळा झपाट्याने वाढल्या. 1965 मध्ये शिक्षण सक्तीचे झाले. भरलेल्या वर्गात एकेका मुलाचा पाठ ऐकणे शक्य राहिले नाही. पास-नापास वर्षअखेरीच्या लेखी परीक्षेवर ठरू लागले. चूक उघड होई तेव्हा तो धडा केव्हाच मागे पडलेला असे.

1995 पासून कुवेतने गणित-विज्ञानाच्या ‘टिम्स’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत काही वेळा भाग घेतला. गुण 500 या मध्यबिंदूच्या बरेच खाली राहिले. अशा चाचणीतून देशाची स्थिती कळते. अमुक मुलाचे अपूर्णांक कुठे चुकतात, हे त्याच्या शिक्षकालाच शोधावे लागते.

भारतीय कुटुंबांसाठी 1959 मध्ये सुरू झालेली इंडियन कम्युनिटी स्कूल आणि नंतरच्या अनेक भारतीय शाळा सीबीएसई या भारतातील शिक्षण मंडळाशी जोडल्या गेल्या. मंडळाने 2009 मध्ये नववीपासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. वर्षात चार आकारिक चाचण्या, प्रत्येकी 10 टक्के. दोन संकलित, मिळून 60 टक्के. तोंडी काम, प्रकल्प, वही यांतून अडचण वेळीच हेरून पुन्हा शिकवावे, हा हेतू होता. पण आकारिक चाचणीचेही गुण निकालात धरले जात. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी शिक्षकांचा वेळ नोंदी भरण्यात गेला आणि पालकांची नजर बेरजेवर राहिली. मधल्या काळात ऐच्छिक असलेली दहावीची मंडळ परीक्षा 2017-18 पासून पुन्हा सक्तीची झाली: 80 गुण लेखी परीक्षेला, 20 अंतर्गत मूल्यमापनाला. नियतकालिक चाचण्या, वही आणि विषयानुरूप उपक्रम यांची गणना या 20 गुणांत होऊ लागली.