रोमच्या छायेतील नगरांची नाणी

रोमन साम्राज्याच्या वैभवाचा विषय निघाला म्हणजे सम्राटांच्या मुखमुद्रा धारण करणारी सोन्याचांदीची नाणी प्रथम आठवतात, आणि दक्षिण हिंदुस्थानात सापडलेल्या पुष्कळ निधींमुळे ती आपल्या वाचकांना अगदीच अपरिचितही नाहीत. परंतु ज्या काळी ही मौल्यवान नाणी सौदागरांच्या थैल्यांतून आपल्या किनाऱ्याला उतरत होती, त्याच काळी खुद्द साम्राज्याच्या पूर्वेकडील मुलखात, म्हणजे ग्रीस, थ्रेस, आशिया मायनर आणि सीरिया या प्रांतांत, भाजीवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सर्वांचा रोजचा व्यवहार ज्या नाण्यांवर चालत असे, ती बहुतांशी रोमच्या टांकसाळीतून निघालेली नव्हती. ती त्या त्या नगराने स्वतः पाडलेली, काशाची, आणि त्या नगराचे नाव धारण करणारी अशी होती. सम्राटांचा इतिहास लिहिणाऱ्याला सोन्याची नाणी कदाचित पुरी पडतील. परंतु साम्राज्यात राहणाऱ्या प्रजेला आपल्या गावाविषयी काय वाटत होते हे ज्याला जाणून घ्यावयाचे आहे, त्याने या काशाच्या खुर्द्याकडेच वळले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यूलिअस सीझरचा वध झाला त्या इ.स.पू. ४४ च्या सुमारापासून इ.स. २९६ च्या सुमारापर्यंत, म्हणजे जवळजवळ साडेतीन शतके, ही नाणी पडत राहिली, आणि ती पाडणाऱ्या नगरांची संख्या सहाशेच्या घरात जाते. पश्चिमेकडे हा प्रकार लवकर आटोपला. स्पेनमधील काही नगरांच्या नाण्यांवर ‘सीझर ऑगस्टसच्या परवानगीने’ असा स्पष्ट मजकूर आढळतो, आणि क्लॉडिअसच्या अमदानीच्या सुमारास तेथील नगरांच्या टांकसाळी बंदही पडल्या. पूर्वेकडे मात्र नगरांचे पुढारी, त्यांची सभा आणि त्यांचे श्रीमंत नागरिक यांनी हा अधिकार मोठ्या हौसेने चालविला. इतका की टांकसाळीचा खर्च कित्येकदा एखादा धनिकच सोसत असे व तसा उल्लेख नाण्यावरच करून घेत असे. सम्राट हेड्रिअनचा प्रिय सहचर अँटिनोअस नाईल नदीत बुडून मरण पावला, तेव्हा पोलेमोन या प्रख्यात वक्त्याने त्याची मुद्रा असलेली नाणी पाडविली, आणि ‘पोलेमोनने स्मिर्नावासीयांस अर्पण केली’ असे शब्द त्यांवर घातले.

नगरांनी नाणी पाडण्यामागे अभिमान होता हे खरे. पण उत्पन्नही होते, आणि ते कसे होते याचा एक फार बोलका पुरावा पेर्गामोन येथील शिलालेखाच्या रूपाने आपल्याला उपलब्ध आहे. हेड्रिअनच्या काळच्या या लेखात सराफांविरुद्धच्या तक्रारीचा निवाडा कोरलेला आहे. चांदीचा देनारिअस मोडून काशाचा खुर्दा देण्याघेण्याचा मक्ता त्या नगरात काही सराफांकडे होता, आणि दर असा ठरलेला होता की दुकानदार, फेरीवाले व मासळी विकणारे यांनी साठविलेला खुर्दा आणून देनारिअस मागितला तर सराफाने त्यांच्याकडून अठरा अस्सारिआ, म्हणजे काशाची नाणी, घ्यावीत, आणि उलटपक्षी कोणी देनारिअस मोडावयास आणला तर त्याच्या हातावर सतरा ठेवावेत; मधला एक अस्सारिऑन हा बट्टा. सराफांचे एवढ्याने समाधान होईना. ज्या व्यवहारात मोड करण्याचा प्रसंगच येत नव्हता, जेथे माल रोख चांदीच्या नाण्याने घेतला जात होता, तेथेही ते बट्टा उकळू लागले, आणि तो भार अखेर गरीब गिऱ्हाइकांवर पडू लागला. निवाड्याने हा जुलूम बंद केला. पण त्याचबरोबर असेही फर्माविले की वजनावर विकली जाणारी बारीक मासळी ही काशाच्या भावाची वस्तू असल्याने तिचा दाम काशाच्या नाण्यांतच चुकता करावा, आणि चारचौघांनी मिळून देनारिअसभर मासळी एकदम घेतली तरीही तो नियम मोडू नये, कारण तसे झाल्यास मोडीच्या व्यवहारापासून नगराला मिळणारे उत्पन्न बुडेल. आज संग्रहालयातील काचेआड पडलेले पेर्गामोनचे एखादे झिजलेले नाणे पाहताना हा मजकूर मनात असावा. मासळीबाजारातली घासाघीस, सराफाच्या फळीवरची मोजणी आणि नगराच्या दफ्तरातील जमाखर्च हे सर्व त्या लहानशा तबकडीभोवती फिरत होते.

अशा नाण्याच्या एका बाजूस बहुधा सम्राटाचे किंवा त्याच्या कुटुंबीयांचे मुख असते. खिओस बेटाने मात्र तेही कधी घातले नाही, व त्याऐवजी ‘अस्सारिऑन’, ‘तीन अस्सारिआ’, ‘ओबोलस’ अशी नाण्यांची किंमतच अक्षरांत लिहिली. दुसरी बाजू सर्वस्वी नगराची, आणि तेथे त्या नगराच्या मनाची खरी ओळख पटते. फिडिअसने घडविलेली ऑलिम्पिया येथील झ्यूसची भव्य मूर्ती कालौघात नष्ट झाली. पण तिचे सिंहासन कसे होते, हातातील राजदंड कोणत्या बाजूस होता, हे एलिसच्या लोकांनी हेड्रिअनच्या काळी पाडलेल्या नाण्यांवरून आपण आजही पाहू शकतो. प्राक्सिटेलीसची अफ्रोदिते क्निडॉसच्या नाण्यावर आहे. फ्रिजियातील अपामेआ नगराच्या नाण्यावर तर पेटीसारख्या तारवात उभे असलेले एक जोडपे आणि त्या पेटीवर ‘नोए’ ही अक्षरे दिसतात. ज्यू लोकांची जलप्रलयाची कथा एका ग्रीक नगराने आपली म्हणून नाण्यावर घ्यावी, ही घटना धर्मेतिहासाच्या अभ्यासकाला कित्येक ग्रंथांहून अधिक सांगणारी आहे. गॉलमधील नेमाउसुस, म्हणजे आजचे नीम, येथील नाण्यावर ताडाच्या झाडाला साखळीने जखडलेली मगर आहे; इजिप्त जिंकल्याचे ते चिन्ह. पुढे १५३५ साली फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याने त्या शहराला जे बोधचिन्ह बहाल केले, ते याच नाण्यावरून घेतलेले होते, आणि ती मगर आजही नीमच्या चिन्हावर विराजमान आहे.

या अभिमानाला स्पर्धेची धारही होती. सम्राटपूजेचे मंदिर बांधण्याचा मान मिळालेल्या नगराला ‘नेओकोरोस’ ही पदवी लाभत असे, आणि एफिसस, स्मिर्ना व पेर्गामोन ही तीन मातब्बर नगरे ती पदवी आपल्याला दोनदा मिळाली की तीनदा, याचा हिशेब नाण्यावर अक्षरांनी जाहीर करीत. एफिससने एलागाबालसच्या कारकिर्दीत चौथ्यांदा मिळविलेला मान त्या सम्राटाच्या वधानंतर काढून घेण्यात आला, ही हकीकत नाण्यांवरील आकड्यांच्या चढउतारातून वाचता येते.

एका नाण्याजवळ थोडे थांबले पाहिजे. कॅरिआ प्रांतातील स्ट्राटोनिकेआ या नगराने सम्राट सेप्टिमिअस सेवेरसच्या दोन्ही पुत्रांची, कॅराकॅला व गेटा यांची, समोरासमोर असलेली मुखे घालून मोठ्या आकाराची नाणी पाडली होती. २११ साली बाप मरण पावला; त्याच वर्षाच्या अखेरीस कॅराकॅलाने धाकट्या भावाचा त्याच्या आईच्या समक्ष वध करविला आणि त्याचे नाव व प्रतिमा जेथे जेथे असतील तेथून नाहीशा करण्याचा हुकूम सोडला. आता ते नाणे पाहावे. डाव्या अंगाला कॅराकॅलाचे मुख, केसांची वळणे आणि गळ्याजवळची वस्त्राची घडी यांसह, शाबूत आहे. त्याच्यासमोर, जेथे दुसरे मुख असावयास पाहिजे, तेथे छिन्नीने तासून सपाट केलेली जागा आहे, तिच्यावर हत्याराचे ओरखडे स्पष्ट दिसतात, आणि शेजारी शिरस्त्राणधारी मस्तकाचा एक लहान ठसा मागाहून मारलेला आहे, म्हणजे खाडाखोड केलेले हे नाणे चलनात ग्राह्य आहे असा नगराचा निर्वाळा. कोण्या एका कारागिराने ही नाणी एकेक हातात घेऊन, राजपुत्राचा चेहरा तासला आणि पैसा पुन्हा बाजारात सोडला. आपल्याकडे नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या निधीत नहपानाच्या हजारो नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे मारलेली आढळली, त्याचे येथे स्मरण होते. फरक एवढाच की तेथे विजेत्याने शत्रूची मुद्रा दडपली, आणि येथे प्रजेने आपल्याच राजकुळातील मुख पुसले.

आता ओळख पटविण्याच्या कामाकडे वळू. नवशिक्या संग्राहकाची मोठी चूक अशी की तो प्रथम सम्राटाचा शोध घेतो. वास्तविक आधी नगर शोधावे. मागील बाजूवरील ग्रीक अक्षरांत ‘ओन’ हा शेवट दिसला की त्याआधी नगरवासीयांचे नाव असणार हे जवळजवळ निश्चित समजावे. एफेसिओन म्हणजे एफिससच्या लोकांचे, ‘नाणे’ हा शब्द अध्याहृत. परंतु एकाच नावाची नगरे अनेक, ही अडचण पुढे येतेच. निकोपोलिस नावाची नगरे एपिरसमध्ये, नेस्तोस नदीकाठी, डॅन्यूबच्या बाजूस आणि पॅलेस्टाइनमध्येही होती. म्हणून डॅन्यूबजवळच्या निकोपोलिसचे लोक ‘प्रोस इस्त्रोन’, म्हणजे इस्टर (डॅन्यूब) नदीजवळचे, असे आवर्जून लिहीत. समजा, असेच एक नाणे हाती आले, आणि त्याच्या पुढील बाजूवर ‘मार्कुस ऑरेलिअस अँतोनिनुस’ एवढेच वाचता आले. हे नाव एकाचे नव्हे, तर तीन सम्राटांचे आहे: तत्त्वज्ञ मार्कस ऑरेलिअस, कॅराकॅला आणि एलागाबालस. मुख झिजलेले असल्यास वयाचा व दाढीचा आधार फारसा मिळत नाही. अशा वेळी मागील बाजूचा मजकूर सावकाश वाचावा. तेथे ‘नोव्हिओस रूफोस’ या प्रांताधिपतीचे नाव निघाले, तर प्रश्न सुटला, कारण हा अधिकारी एलागाबालसच्या, म्हणजे २१८ ते २२२ या काळातील. सम्राटाची ओळख प्रांतातल्या हाकिमाने पटवून द्यावी, हे या शास्त्रात नेहमीचेच आहे.

डॅन्यूबच्या बाजूच्या या प्रदेशातील पुष्कळ नाण्यांच्या दोन्ही बाजूंना अगदी मध्यभागी टोच्याने पाडल्यासारखा एक बारीक खळगा असतो. तो दोष नव्हे. ठसा मारण्यापूर्वी तबकडी सारखी करताना राहिलेली ती खूण आहे, आणि बाल्कन प्रदेशातील नाणी ओळखताना तिचा उपयोगच होतो.

या विद्येची घडण ज्यांनी केली त्यांत फ्रान्सचा वैद्य झाँ फ्वा-व्हायाँ याचे नाव प्रथम घेतले पाहिजे. नाणी जमविण्याच्या प्रवासात तो १६७४ साली अल्जिअर्सच्या चाच्यांच्या हाती सापडला, आणि सुटून परतत असता पुन्हा चाच्यांचे जहाज दिसताच त्याने जवळची सोन्याची नाणी गिळून टाकली असे सांगतात. परंतु त्याची खरी कीर्ती आहे ती रोमन वसाहतींच्या काशाच्या नाण्यांवरील १६८८ च्या व ग्रीक भाषिक नगरांच्या नाण्यांवरील १६९८ च्या ग्रंथांमुळे. त्यानंतर व्हिएन्नाच्या एकेल याने १७९२ ते १७९८ या काळात आठ खंडांचा ग्रंथ सिद्ध करून स्पेनपासून भूमध्य समुद्राला वळसा घालीत नगरवार मांडणीची जी पद्धत घालून दिली, ती आजही मान्य आहे. स्विस विद्वान इमहोफ-ब्लूमर याने ठिकठिकाणच्या संग्रहांतील नाण्यांचे प्लास्टरचे साचे गोळा करून तुलना केली, आणि आपला स्वतःचा अमोल संग्रह १९०० साली बर्लिनच्या संग्रहालयाकडे जाऊ दिला. कोनराड क्राफ्ट याने १९७२ साली दाखवून दिले की आशिया मायनरमधील निरनिराळ्या नगरांच्या नाण्यांवर पुढील बाजूचा एकच ठसा वापरलेला आढळतो, म्हणजे एकच कारखाना अनेक नगरांची कामे पत्करीत असला पाहिजे. बर्नेट, आमांद्री व रिपोल्येस या त्रयीने १९९२ साली या नाण्यांच्या संपूर्ण सूचीचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून या कामाला शिस्त आली.

तिसऱ्या शतकाच्या मध्यावर चांदीच्या नाण्यातील चांदी झपाट्याने घटत गेली, भाव वाढले, आणि काशाचे नाणे पाडणे नगरांना परवडेनासे झाले. जुन्याच नाण्यांवर वाढीव किमतीचे आकडे ठोकून काही नगरांनी दिवस काढले. गॅलिएनसच्या कारकिर्दीत बहुतेक टांकसाळी थंडावल्या. पॅम्फिलियातील पेर्गे हे नगर सम्राट टॅसिटसच्या काळापर्यंत, म्हणजे २७५-७६ पर्यंत टिकून राहिले. अलेक्झांड्रियाची प्रांतिक टांकसाळ डायोक्लीशनच्या सुधारणेने २९६ च्या सुमारास बंद केली, आणि त्यानंतर लंडनपासून अलेक्झांड्रियापर्यंत एकाच ठरावाची नाणी चालू लागली.

या नाण्यांचा संग्रह करू इच्छिणाऱ्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे. काशाचे नाणे सोन्याप्रमाणे दूरवर प्रवास करीत नसे, बहुधा ते पाडणाऱ्या नगराच्या पंचक्रोशीतच फिरत असे. म्हणून ते जेथे सापडले त्या ठिकाणाची नोंद हा त्याच्या मोलाचा अर्धा भाग आहे, आणि चोरून खणलेल्या नाण्याबरोबर तो भाग कायमचा नष्ट होतो. अशी नाणी विकत घेऊ नयेत. जे नाणे सरळ मार्गाने हाती येईल त्याचे वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंच्या ठशांची परस्परांशी असलेली दिशा प्रथम वहीत टिपावी, अक्षरे जितकी वाचता येतील तितकीच लिहावीत, उरलेल्या जागी कल्पनेने भर घालू नये, आणि तेजाबाने घासून त्यावरचा हिरवा थर काढण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.