सोन्याचा दिवा आणि मुलामा देणाऱ्याचे हात

सिनेमातल्या राजवाड्यात तुम्ही तो दिवा पाहिला असेल. मधे एक खांब, त्याला झाडासारख्या फांद्या, फांदीफांदीवर मेणबत्ती, आणि सगळं सोन्यानं लखलखतंय. सोनं खरंच, पण वरचा पातळ थर तेवढा. आत कांसं. अडीचशे वर्षांपूर्वी असे दिवे करण्यात फ्रान्समधल्या पॅरिसचा हात कोणी धरू शकत नव्हतं.

पिएर गुतिएर हा तिथला बिनीचा कारागीर. राजवाड्याची कामं त्यानं केली, पण पैसे थकले, दिवाळं निघालं आणि १८१३ मध्ये तो गरिबीत मेला. (उधारी मोठ्या घरचीच बुडते, हे आपल्या गटांनाही ठाऊक आहे.)

पण मुलामा देणाऱ्यांचे हाल याहून वाईट. सोनं पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा लगदा करायचा, तो कांस्यावर चोपडायचा आणि निखाऱ्यावर धरायचा. पारा वाफ होऊन उडतो, सोनं चिकटून राहतं. ती वाफ जायची कुठे? कारागिराच्या छातीत. हात थरथरायला लागत, दात हलत, माणूस लवकर जाई.

आंद्रे रावरियो हा स्वतः असे दिवे करून विकणारा. १८१४ मध्ये तो वारला, तेव्हा मृत्युपत्रात त्यानं ३,००० फ्रँक ठेवले होते: मुलामेवाल्यांना या वाफेपासून वाचवण्याचा उपाय जो काढेल, त्याला बक्षीस. ते दार्से नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला मिळालं. १८१८ मध्ये त्यानं उपाय छापून सांगितला. उपाय काय, तर नीट ओढीचं धुराडं! धुराड्यात वेगळा छोटा विस्तव ठेवायचा. तापलेली हवा वर चढते आणि कामाच्या जागेवरची वाफ आपल्यासोबत ओढून नेते.

आता वर्ध्याला या. सेवाग्रामहून आठेक किलोमीटरवरच्या मगनवाडीत १९३४ पासून कुमारप्पांचा ग्रामोद्योग संघ होता. स्वातंत्र्याच्या सुमारास तिथूनच धुराड्याची ‘मगन चूल’ पुढे आली. तिथे पाऱ्याची वाफ नव्हती, लाकडाचा धूर होता, आणि छाती बाईची. पॅरिसच्या कारागिरासाठी निदान मालकानं पैसे ठेवले. चुलीपुढच्या बाईकडे लक्ष जायला आणखी सव्वाशे वर्षं लागली, हे मला खटकतं.

घरी धुराड्याची चूल असेल तर ती पेटल्यावर तिच्या तोंडाशी उदबत्ती धरून पाहा. धूर आत ओढला गेला तर ठीक. बाहेर आला तर धुराड्यात काजळी साचलेली असू शकते. ते खरवडून घ्या.