अन्नपूर्णादेवी : मैफल सोडलेल्या सूरबहारवादक

अन्नपूर्णादेवी (१९२७–२०१८), मूळ नाव रोशनआरा खान. मैहर घराण्याचे बाबा अल्लाउद्दीन खान यांची ही धाकटी मुलगी, सरोदवादक अली अकबर खान यांची बहीण. बाबा मैहरच्या दरबारात होते. ‘अन्नपूर्णा’ हे नाव तिथल्या महाराजांनी ठेवले. पाच वेळची नमाज आणि शारदामातेवरची श्रद्धा, बाबांच्या घरात दोन्ही नांदत.

थोरल्या मुलीला सासरी गाण्यावरून जाच झाला, तिचा तानपुरा जाळला गेला असे सांगतात. म्हणून धाकटीला शिकवायचेच नाही असे बाबांनी ठरवले होते. पण अली अकबर रियाजात चुकले की ही चिमुरडी गाऊन दुरुस्त करायची. ते बाबांच्या कानावर पडले आणि तालीम सुरू झाली. आधी गाणे, सतार, मग सूरबहार. सूरबहार दिसायला सतारीसारखेच, पण मोठे आणि खर्जातले. त्यावर संथ आलाप खुलतो. झटपट टाळ्या मिळवायचे ते वाद्य नव्हे.

१९४१ मध्ये अल्मोड्याला बाबांचे शागिर्द रविशंकर यांच्याशी हिंदू पद्धतीने लग्न झाले. तेव्हा त्यांचे वय जेमतेम चौदा. पुढच्याच वर्षी मुलगा शुभेंद्र. १९५० च्या दशकात नवराबायकोच्या जुगलबंद्या गाजल्या आणि मग अन्नपूर्णादेवी मंचावरून कायमच्या उतरल्या. आपल्याला जास्त दाद मिळते हे पतीला रुचेना, संसार वाचावा म्हणून लोकांसमोर न वाजवण्याची शपथ घेतली, असे त्यांनी उतारवयात सांगितले. रविशंकर यांचे म्हणणे वेगळे : त्यांनाच लोकांसमोर वाजवणे नको होते. ‘संसारासाठी सोडलं’ हे आपण किती सहज, कौतुकानं बोलतो! इथे तर संसारही टिकला नाही. (बेगम अख्तर यांनीही १९४५ च्या निकाहनंतर गाणे थांबवले होते, पण तब्येत ढासळली आणि १९४९ मध्ये त्या लखनऊ रेडिओवर परत गायल्या.)

रियाज मात्र सुटला नाही, शिकवणेही नाही. मुंबईत ब्रीच कँडीच्या फ्लॅटमध्ये त्या जवळपास बंद दाराआड राहिल्या. शागिर्द कोण? सतारीचे निखिल बॅनर्जी, बासरीचे हरिप्रसाद चौरसिया आणि नित्यानंद हळदीपूर. एकच गुरू इतकी वेगळी वाद्ये कशी शिकवणार, असा प्रश्न पडेल. त्या गाऊन शिकवत. गळ्यातली जागा ज्याने त्याने आपल्या वाद्यात उतरवायची. हरिप्रसादजी आले तेव्हा नाव कमावलेले वादक होते. नव्याने शिकायची तयारी दाखवायला त्यांनी बासरी उजवीकडून डावीकडे घेतली.

१९७७ मध्ये पद्मभूषण, १९९१ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार. १९८२ मध्ये ऋषिकुमार पंड्या यांच्याशी दुसरा विवाह. शुभेंद्र १९९२ मध्ये गेले. १३ ऑक्टोबर २०१८ रोजी मुंबईत अन्नपूर्णादेवींचे निधन झाले.

त्यांची बाजारात आलेली एकही रेकॉर्ड नाही. खासगीत टेप झालेले मांझ खमाज आणि कौशिकीसारखे मोजके राग तेवढे आज ऐकायला मिळतात.