हलव्याचा काटा

संक्रांतीला तिळगुळाबरोबर काटेरी हलवा हातावर पडतो आणि आपण तो कौतुकाने तोंडात टाकतो. संस्कृतात ‘शर्करा’ म्हणजे मुळात खडे, वाळू. तोच शब्द साखरेला लागला आणि फारसी-अरबीच्या वाटेने युरोपापर्यंत गेला. उलट ‘हलवा’ हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला. शब्दांच्या या देवघेवीची नोंद कोशांत आहे. हलवा करणाऱ्या हातांची नोंद कोणी ठेवली?

पेडगावसारखे गाव असो वा परभणी शहर, कृती एकच. मंद शेगडीवर परात, तीत भाजलेले तीळ किंवा खसखस. वर चमचाभर पाक घालावयाचा आणि तो सुकेपर्यंत बोटांनी हलवीत राहावयाचे. मग पुन्हा चमचाभर पाक. असे दोन-तीन दिवस चालते, तेव्हा कुठे दाण्यावर काटा फुलतो. बोटे पोळतात ती वेगळीच. आम्ही कामगार चळवळीतले. तास मोजण्याची आम्हांला सवय. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. परातीपाशी ती कधी पोहोचली नाही, कारण या कामाला आपण हौस म्हणतो.

आणि साखर? १९५० साली प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे असे कारखाने महाराष्ट्रभर झाले. त्यांचा ऊस तोडावयास मराठवाड्यातून कुटुंबेच्या कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. संक्रांत येते ती ऐन गळिताच्या हंगामात. त्यांचा सण फडाजवळच्या कोपीतच होतो.

सुनेला, बाळाला हलव्याचे दागिने जरूर घालावेत. परंतु गोडाचा इतिहास लिहावयाचा, तर त्यात ती परात आणि ती कोपी, दोन्ही आली पाहिजेत.