फुलपाखरांचा पत्ता

येत्या फेब्रुवारीत मोनार्क फुलपाखरं बघायला मेक्सिकोत जायचं घाटतंय. घरात दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो टेक्सासहून थेट गाडी काढू, दुसरा म्हणतो मेक्सिको सिटीपर्यंत विमान आणि पुढे गाडी. नकाशांवरून वाद चालू असताना माझ्या डोक्यात भलताच प्रश्न आला. या जागेचा पत्ता जगाला मिळाला कसा? शोधायला बसले तर तीही एका गाडीच्या प्रवासाचीच गोष्ट निघाली. म्हणून आज बेत बाजूला ठेवून आधी ती सांगते.

मोनार्क म्हणजे केशरी पंखांवर काळ्या रेघा असलेलं फुलपाखरू. आपल्याकडे रुईवर दिसणाऱ्या प्लेन टायगरचं चुलत भावंडच म्हणा ना! याच्या अळ्या मिल्कवीडवर वाढतात, आणि ते झाडही रुईच्याच कुळातलं. उन्हाळ्यात जन्मलेली मोनार्क जेमतेम काही आठवडे जगतात. पण उन्हाळा सरताना जन्मलेली पिढी आठेक महिने जगते आणि कॅनडा-अमेरिकेतून दक्षिणेला निघते. काही तर चार हजार किलोमीटर उडतात. यातल्या एकीनंही ती जागा आधी पाहिलेली नसते. तिची पणजी केव्हातरी तिथून निघालेली असते, एवढाच काय तो संबंध.

ही जातात कुठे, या प्रश्नानं टोरंटो विद्यापीठातल्या फ्रेड अर्कहार्ट यांना पछाडलं होतं. ते आणि त्यांची पत्नी नोरा यांनी फुलपाखरांच्या पंखांवर चिकटवायच्या कागदी चिठ्ठ्या तयार केल्या. सुरुवातीच्या चिठ्ठ्या पावसात गळून पडायच्या. मग दुकानात वस्तूंवर किमतीची चिठ्ठी लावतात तसला डिंक वापरला, तेव्हा कुठे जमलं. चिठ्ठीवर मजकूर एवढाच, की सापडल्यास टोरंटोला प्राणिशास्त्र विभागाकडे पाठवा. १९५२ मध्ये त्यांनी लोकांना मदतीची हाक दिली आणि पुढे शेकडो हौशी माणसं, शाळकरी मुलं या कामाला लागली. परत आलेल्या चिठ्ठ्या नकाशावर मांडल्या की रेघ टेक्सासकडे जायची. त्यापुढे काहीच नाही.

१९७२ मध्ये नोराबाईंनी मेक्सिकोतल्या वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली. १९७३ मध्ये केन ब्रगर नावाच्या अमेरिकन माणसाचं उत्तर आलं. माझ्याकडे घरासारखी राहता येईल अशी गाडी आहे, कोला नावाचा कुत्रा आहे, मी शोधतो म्हणाला. त्याच्याबरोबर होती कॅटलिना आग्वादो, मूळची मिचोआकान राज्यातली. पुढे दोघांनी लग्न केलं. दोघं डोंगरातल्या रस्त्यांवरून हिंडले, गावोगाव विचारत गेले. गंमत अशी की ब्रगरला म्हणे रंग नीट दिसत नसत! २ जानेवारी १९७५ रोजी सेर्रो पेलोन नावाच्या डोंगरावर, सुमारे दहा हजार फुटांवर, त्यांना झाडं दिसली. खोडं, फांद्या, जमीन, सगळं फुलपाखरांनी झाकलेलं.

वर्षभरानं, जानेवारी १९७६ मध्ये, अर्कहार्ट पतिपत्नी स्वतः तिथे चढून गेले. फ्रेड यांची साठी उलटलेली होती. फुलपाखरांच्या भारानं पाइनची एक फांदी मोडून खाली आली, आणि त्या ढिगात एका पंखावर पांढरी चिठ्ठी! मिनेसोटातल्या चास्का गावी एका शिक्षकानं आणि दोन विद्यार्थ्यांनी आदल्या ऑगस्टमध्ये लावलेली. इतक्या वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर एका फांदीवरून खाली पडलं.

ऑगस्ट १९७६ च्या 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या मुखपृष्ठावर फुलपाखरांनी वेढलेली कॅटलिना झळकली. नेमकी जागा मात्र अर्कहार्टनी गुपित ठेवली. लिंकन ब्रोवर आणि बिल कॅल्व्हर्ट या दुसऱ्या अभ्यासकांनाही सांगितली नाही. ते चिडले, लेखातल्या धाग्यादोऱ्यांवरून आणि नकाशांवरून त्यांनी काही महिन्यांतच तो भाग हुडकून काढला.

आता मला खटकलेली गोष्ट. कुणापासून गुपित? डोंगराखालच्या गावांना फुलपाखरं पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मृतांच्या दिवसांच्या सुमारास ती येतात, म्हणून गेलेल्या माणसांचे आत्मेच घरी परत येतात असं तिथं मानतात. आपल्याकडे पितृपक्षात कावळ्याची वाट बघतात, तेच मला आठवलं. गावाला ती येतात हे ठाऊक होतं, कुठून हे नाही. टोरंटोला कुठून निघतात हे ठाऊक होतं, जातात कुठे हे नाही. ही दोन टोकं जोडली हा खरा शोध, आणि गावोगाव विचारत फिरणाऱ्या त्या दोघांत तिथली भाषा, तिथली माणसं जन्मापासून ओळखणारी कॅटलिनाच होती. तरी कित्येक ठिकाणी तिचं नाव 'ब्रगरची बायको' एवढ्यावरच आटोपतं.

पत्ता जगाला कळला आणि गावांचं जगणं बदललं. हे जंगल बऱ्याच अंशी एहीदोंचं, म्हणजे क्रांतीनंतरच्या जमीनवाटपात गावांना सामाईक मिळालेलं. १९८६ मध्ये सरकारनं १६,११० हेक्टर राखीव केलं आणि गाभ्यात तोड बंद. कारण खरंच होतं. ओयामेल या सूचीपर्णी झाडांचं दाट छत फुलपाखरांना पांघरुणासारखं आणि छत्रीसारखं सांभाळतं. छत विरळ झालं की ती भिजतात, आणि भिजलेली थंडीत मरतात. पण ज्यांची चूल त्या लाकडावर चालायची त्यांना धड भरपाई मिळाली नाही. २००० मध्ये क्षेत्र ५६,२५९ हेक्टर झालं, तेव्हा कुठे न तोडण्याचे पैसे देणारा निधी उभा राहिला. २००८ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं.

जानेवारी २०२० मध्ये एल रोसारिओच्या अभयारण्याचे व्यवस्थापक ओमेरो गोमेझ गोन्झालेझ बेपत्ता झाले आणि दोन आठवड्यांनी त्यांचा मृतदेह सापडला. आधी लाकूडतोड केलेला, नंतर जंगल राखायला उभा राहिलेला माणूस.

फुलपाखरं मोजत नाहीत, त्यांनी व्यापलेलं जंगल मोजतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यात १८ हेक्टर होतं, २०१३-१४ मध्ये ०.६७, २०२३-२४ मध्ये ०.९, आणि २०२४-२५ मध्ये १.७९. दोष फक्त कुऱ्हाडीचा नाही. अमेरिकेतल्या मका-सोयाबीनच्या शेतांत तणनाशकांनी मिल्कवीड संपवलं, तेही आहेच.

असो. एवढं वाचून झाल्यावर घरातला वाद आपोआप मिटला. मिचोआकानबद्दल अमेरिकन सरकार वर्षानुवर्षं जाऊ नका म्हणतंय, सीमेपलीकडे गाडी न्यायची तर वेगळा परवाना, तिकडचा वेगळा विमा. तेव्हा विमानच. मेक्सिको सिटीहून सेर्रो पेलोनच्या अलीकडच्या बाजूचं माचेरोस गाव, तेवढाच गाडीचा रस्ता. मुक्काम गावातच, वर न्यायला गावचाच वाटाड्या आणि घोडा. पैसे ज्यांचं जंगल आहे त्यांच्या हाती पडोत. दुपारचं ऊन चढलं की फांद्या मोकळ्या होतात आणि पंखांचा आवाज येतो म्हणतात. वाटाड्याला त्याच्या आजीबद्दल विचारायचं ठरवलंय, १९७५ च्या आधी ती या फुलपाखरांना काय म्हणायची ते. त्यासाठी स्पॅनिशची चार वाक्यं पाठ करायला घेतलीत.