यंत्राचा निवाडा, माणसाचे अपील

१/ अमेरिकेच्या १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने राज्यांच्या बेरोजगारी विम्याला आधार दिला. दावा नाकारला गेलेल्यास निःपक्ष न्यायाधिकरणापुढे सुनावणी मिळालीच पाहिजे, ही अटही त्यातच होती.

२/ ऑक्टोबर २०१३ मध्ये मिशिगन राज्याने ‘मिडास’ ही संगणकप्रणाली आणली. मालक आणि कामगार यांच्या नोंदींत तफावत दिसताच ती प्रश्नावली धाडी. उत्तर न आल्यास फसवणूक गृहीत धरी. दंड रकमेच्या चौपटीपर्यंत.

३/ अनेक नोटिसा कामगारांनी उघडणे सोडलेल्या ऑनलाइन खात्यांत पडून राहिल्या. अपिलाची मुदत नकळत सरली आणि वसुली थेट पगारातून सुरू झाली.

४/ पुढे फेरतपासणी झाली. यंत्राने एकट्याने निकाली काढलेल्या २२,४२७ प्रकरणांपैकी ९३ टक्क्यांत फसवणूक नव्हतीच.

५/ २०२४ मध्ये नेवाडा राज्याने अपिलांच्या निकालांचे मसुदे गूगलच्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करून घेण्याचे ठरवले. अंतिम तपासणी माणसाकडे. तुंबलेल्या अपिलांना वेग हवाच. पण तपासणाऱ्याला मसुदा फेटाळण्याइतकी सवड नसेल, तर १९३५ ची ती सुनावणी केवळ कागदावर उरेल.