श्वासाचा पहारेकरी

नदीत बुडी मारली की थोड्याच वेळात छाती फुटेल असे वाटते आणि आपण धडपडत वर येतो. प्राणवायू संपला म्हणून जीव घाबरा झाला, असे आपण सहज म्हणतो. पण शरीरशास्त्राचा इतिहास वाचताना मला मोठे नवल वाटले. आपला श्वासाचा पहारेकरी प्राणवायूकडे फारसे पाहतच नाही. त्याची नजर असते ती कार्बन डायऑक्साइडवर!

ही गोष्ट सिद्ध करण्याचे मोठे श्रेय जॉन स्कॉट हाल्डेन या स्कॉटिश शास्त्रज्ञाचे. १९५७ मध्ये भारतात येऊन राहिलेले जे. बी. एस. हाल्डेन हे त्यांचेच चिरंजीव. थोरले हाल्डेन कोळशाच्या खाणींत उतरत, विषारी वायू स्वतः हुंगून पाहत. स्फोटानंतर बहुतेक मजूर भाजून नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइडने मरतात, हे त्यांनी १८९६ च्या अहवालात दाखवून दिले. हा वायू गुदमरवीत नाही, मुकाट्याने मारतो. म्हणूनच खाणीत लहान पक्षी बरोबर न्यावेत, अशी सूचना त्यांनी केली.

१९०५ मध्ये हाल्डेन आणि प्रीस्टली यांनी आपले मोजमाप प्रसिद्ध केले. बेन नेव्हिसचे शिखर असो की कॉर्नवॉलमधील डॉलकोथची खोल खाण, फुप्फुसातील कार्बन डायऑक्साइडचा दाब जवळजवळ तोच राहतो, असे त्यांना आढळले. हा दाब एका वातावरणाच्या अवघा ०.२ टक्का वाढला, तरी श्वसन दुप्पट होते. हा वायू रक्तात विरघळला की आम्लता वाढते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशींना ती कळते आणि त्या श्वासाला टाच मारतात. मानेतील रक्तवाहिन्यांपाशी प्राणवायूची चौकीही आहे. पण तो बराच घटल्यावाचून ती फारशी जागी होत नाही. म्हणून निव्वळ नायट्रोजनमध्ये माणूस न गुदमरताच बेशुद्ध पडतो. खाणकामगार आपल्या छातीपेक्षा दिव्याच्या ज्योतीवर भरवसा ठेवीत, ते उगीच नव्हे.

मग भीती कोठून येते? मेंदूत बदामाच्या आकाराचा अमिग्डला नावाचा भाग आहे. तेच भीतीचे घर, असे मानले जाई. अमेरिकेत ‘एस. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी एक स्त्री आहे. आजाराने तिच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हा भाग निकामी झाला आहे. साप, कोळी, भुताखेतांचा वाडा, कशानेही ती भ्याली नाही. पण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एकदाच हुंगायला दिली, आणि ती मदतीसाठी ओरडू लागली! तसाच आजार असलेल्या आणखी दोघींचीही गत तीच झाली. त्या हवेत प्राणवायू भरपूर, ६५ टक्के होता, हे विशेष.

म्हणजे सापाचे भय एका दाराने येते आणि गुदमरण्याचे दुसऱ्याच. पहिले दार बंद पडले तरी माणूस जगतो, थोडा धीटही होतो. दुसरे मात्र निसर्गाने अधिक खोल, श्वासाच्या शेजारीच ठेवले आहे. विनाकारण जीव घाबरा होणाऱ्या माणसाला आपण भित्रा म्हणतो. १९९३ मध्ये डोनाल्ड क्लाइन या मनोविकारतज्ज्ञांनी असे मांडले की, अशा माणसाचा हा पहारेकरी कदाचित खोटीच हाळी देत असेल. ही उपपत्ती सर्वमान्य झालेली नाही; पण भित्रा म्हणण्यापूर्वी आपण थोडे थांबावे, एवढे ती नक्कीच शिकवते.